तेविसावा नंबर आला म्हणून नाचणारी माणसं

भाच्याने मोबाइलवर एक जुनी क्लिप लावून माझ्यासमोर धरली. रंग उडालेले, चित्र थरथरतंय. कॉर्नर येतो, गर्दीतून कुणीतरी डोकं मारतो, समोरचा गोलकीपर चेंडू कसाबसा परतवतो आणि तो सुटा चेंडू तिसराच एक जण जाळ्यात हाणतो. पुढच्या क्षणी मैदानावर गवत दिसेनासं होतं. नुसती माणसं.

"मामा, कुठला कप जिंकले हे?"

"कप कसला? चोवीस संघांत तेविसावे आले."

मी चेष्टा करतोय असं वाटून तो हसला. त्याचा दोष नाही. आयपीएल बघत वाढलेल्या पोराला तळाशी जाण्याची शिक्षा हा प्रकारच माहीत नसतो. दहावा आलेला संघ पुढच्या मार्चमध्ये नवी जर्सी घालून त्याच दहांत, त्याच रुबाबात हजर. २०१४ साली सुरू झालेल्या आपल्या इंडियन सुपर लीगनेही पहिली दहा वर्षं खालचं दार बंदच ठेवलं होतं. त्यामुळे आपल्याकडे मोसमाच्या शेवटी उत्सुकता असते ती फक्त वरच्या चौघांची. खालचे संघ कधी एकदा घरी जातोय अशा चेहऱ्याने खेळतात.

इंग्लंडमध्ये याच्या उलट. तिथल्या छोट्या गावातल्या फुटबॉलवेड्या माणसाला क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस विचारा. तो कप जिंकल्याची तारीख सांगेलच असं नाही, कारण अनेकांच्या नशिबात कप नसतोच. तो सांगतो ती एखादी मे महिन्यातली दुपार, जेव्हा त्याचा क्लब खाली जाता जाता वाचला. हा सगळा प्रकार काय आहे, ते भाच्याला त्या रात्री समजावलं. तेच इथे जरा नीट मांडतो.

शिडी आणि तिची एक सैल पायरी

इंग्लंडची लीग ही शिडी आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० संघ. त्याखाली प्रत्येकी २४ संघांचे तीन डिव्हिजन. एकूण ९२. दर वर्षी प्रत्येक पायरीवरचे तळाचे काही संघ खाली जातात, खालचे पहिले काही वर येतात. खाली जाण्याला रेलिगेशन म्हणतात, वर येण्याला प्रमोशन. हिशोब साधा आहे. ९२ या आकड्याला मात्र तिकडे वेगळंच वजन आहे. आपल्याकडे जसं कुणी अष्टविनायक पुरे करतं, तशी या ९२ मैदानांवर एकेक मॅच बघण्याचं व्रत घेतलेली माणसं तिथे आहेत.

ब्याण्णवाच्या खालीही शिडी संपत नाही. पाचवी पायरी आहे, सहावी आहे, पार गावजत्रेच्या मैदानापर्यंत आहे. पण चौथ्या आणि पाचव्या पायरीमध्ये एक सैल फळी आहे, तिच्यावरून पाय घसरला की फार खोल जातो. वरच्या चार पायऱ्या म्हणजे 'लीग'. पाचवीपासून खाली सगळे 'नॉन-लीग'. लीगच्या उत्पन्नातला वाटा आटतो, करारावरचे खेळाडू जातात, पोरांच्या अकादमीचा खर्च झेपेनासा होतो, ऑफिसात चहा देणाऱ्या बाईपासून गवत कापणाऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांना धाकधूक. त्या पैशांहून मोठं काय असेल तर नाव. कारखाना बंद पडलाय, गिरणी गेलीय, बाजारपेठ दुसरीकडे सरकलीय. देशाच्या नकाशावर गावाचं नाव टिकून आहे ते क्लबमुळे.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांच्या मॅचेस बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. अकरा पोरं हरत नाहीत, पेठ हरते. आणि सोमवारी कामावर दुसऱ्या पेठेतला माणूस शेजारी बसलेला असतो.

आधी मतं, मग गणित

१९८६ पर्यंत या सैल फळीवर गणित चालत नव्हतं, मतदान चालायचं. चौथ्या डिव्हिजनमध्ये शेवटच्या चारांत आलेल्या क्लबांनी "आम्हाला पुन्हा घ्या" असा अर्ज करायचा आणि लीगमधल्या बाकीच्या क्लबांनी मतं द्यायची. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा बघितलेल्यांना पुढचं चित्र डोळ्यांसमोर येईल. जुनी ओळख, शेजारधर्म, "आज त्यांची वेळ, उद्या आपली". बहुतेक वेळा आतले आतच राहायचे आणि बाहेरचे दारात ताटकळायचे.

पण मतांचा काही नेम नसतो. कार्लाइल, बॅरो आणि वर्किंग्टन ही इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातली, आजच्या कंब्रिया परगण्यातली तीन गावं. तिघांचेही संघ लीगमध्ये होते. १९७२ मध्ये बॅरोला मतदानाने बाहेर काढलं, १९७७ मध्ये वर्किंग्टनला. उरलं एकटं कार्लाइल. बॅरोची जागा मिळाली हेरफर्डला. त्याच वर्षी एफए कपात पहिल्या डिव्हिजनच्या न्यूकॅसलला हरवून या संघाने देशभर नाव कमावलं होतं, ते मतपेटीत कामी आलं. कार्लाइल आणि हेरफर्ड ही दोन नावं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

१९८६-८७ च्या मोसमापासून मतदान बंद. नवा नियम एका ओळीचा: चौथ्या डिव्हिजनमधला २४ वा संघ बाहेर, पाचव्या पायरीवरच्या कॉन्फरन्समधला पहिला आत. ओळख नाही, शेजारधर्म नाही, विनवणी नाही.

पहिल्याच वर्षी या नियमाने जो दिवस दाखवला, तसा एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर संपादकाने "जरा अति होतंय" म्हणून परत केला असता.

९ मे १९८७

शेवटच्या दिवशी सकाळी गुणतक्त्याच्या तळाची अवस्था अशी होती. लिंकन सिटी ४८ गुण, टॉर्की युनायटेड ४७, बर्नली ४६. प्रत्येकाची एकेक मॅच शिल्लक, आपापसात नाही, वेगवेगळ्या संघांशी. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १.

यातलं बर्नली हे नाव तळाशी दिसणं म्हणजे रणजीच्या प्लेट गटातही मुंबईचा संघ शेवटचा दिसावा तसं. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग काढली, त्यांतला हा एक. १९२१ आणि १९६० चा देशाचा विजेता. त्या वर्षीचा मॅनेजर ब्रायन मिलर १९६० च्या त्या विजेत्या संघात स्वतः खेळलेला. सत्तावीस वर्षांत पहिल्या नंबरवरून ९२ व्या नंबरवर आलेला क्लब त्याच्या हातात होता.

आता जरा कागद-पेन्सिल घेऊ. तीन मॅचेस, प्रत्येकीचे तीन निकाल: जिंकणं, हरणं, बरोबरी. म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन, २७ प्रकारांनी तो दिवस संपू शकत होता. लिंकन खाली जायला काय काय व्हायला हवं? एक, लिंकन स्वतः हरायला हवं. दोन, बर्नली जिंकायलाच हवं. तीन, टॉर्कीने किमान बरोबरी साधायला हवी, म्हणजे दोघांचे ४८ होतील आणि गोलफरकात टॉर्की सरस ठरेल. (लिंकनने बरोबरी केली तर दुसऱ्या कुणाला तरी गोलांचा पाऊस पाडावा लागणार होता, तो प्रकार सोडून देऊ.) २७ पैकी फक्त २ प्रकारांत लिंकन सरळ सरळ बुडत होतं. त्यामुळे लिंकनचे लोक त्या सकाळी काळजीत असतील, पण घाबरलेले नसावेत.

बर्नलीच्या टर्फ मूर मैदानावर त्या वर्षी तुरळक गर्दी व्हायची. शेवटच्या दिवशी आले १५ हजारांहून जास्त. आजारी म्हाताऱ्याला भेटायला वर्षभर कुणी फिरकत नाही आणि डॉक्टरांनी हात टेकले म्हटल्यावर मुंबई-पुण्याहून सगळे धावत येतात, तसे. तिकिटाच्या रांगा संपेनात म्हणून मॅच सुमारे पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली. समोर लंडनचं ओरिएंट. नील ग्रूकॉकचा एक गोल, ठेंगण्या इयन ब्रिटनचा दुसरा, मग ओरिएंटचा एक. २-१. उरलेला वेळ पंधरा हजार लोकांनी घड्याळाकडे बघत काढला. बर्नली वाचलं.

तिकडे दक्षिणेला, समुद्रकाठच्या टॉर्कीमध्ये यजमान मध्यंतराला ०-२ ने मागे. समोरच्या क्रू गावच्या संघाला त्या निकालाने काही फरक पडत नव्हता, तरी ते जोरात होते. मध्यंतरानंतर टॉर्कीच्या जिम मॅकनिकलने फ्री किकवर एक गोल फेडला. पण दुसरा काही होईना. शेवटची काही मिनिटं उरली असताना हाच मॅकनिकल चेंडूमागे धावत टचलाइनकडे आला. तिथे बंदोबस्ताला पोलीस उभा होता आणि त्याच्याजवळ ब्रिन नावाचा जर्मन शेफर्ड. गर्दी आत घुसली तर आवरायला आणलेला. आपल्या साहेबाच्या अंगावर कुणीतरी धावून येतंय असं ब्रिनला वाटलं असावं. त्याने झेप घेतली आणि मॅकनिकलच्या मांडीत दात रोवले.

खेळ थांबला. रक्त, पट्ट्या, धावपळ. गेलेला वेळ पंचांनी शेवटी जोडून दिला, आणि त्या जोडलेल्या वेळात पॉल डॉबसनने २-२ चा गोल केला. कुत्रा चावला नसता तर ती मिनिटं मिळाली नसती. खेळाडूला कुत्रा चावून क्लब वाचल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच वेळी लिंकन वेल्समध्ये स्वॉन्सीकडून ०-२ ने हरत होतं. टॉर्की ४८ गुण, गोलफरक उणे १६. लिंकन ४८ गुण, गोलफरक उणे २०. २७ पैकी २ मधला एक प्रकार नेमका घडला होता. लिंकन त्या मोसमात आधी एकदाही तळाला गेलं नव्हतं. गेलं ते एकाच संध्याकाळी, आणि हिशोब त्याच संध्याकाळचा होता.

जुनं मतदान असतं तर लिंकनला कुणीही बाहेर काढलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं. आणि बर्नलीला तर नाहीच नाही.

लिंकनने रिकामी केलेली खुर्ची घेतली स्कारबरोने. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं हवा खायला जायचं गाव. मॅनेजर नील वॉर्नॉकच्या हाताखाली त्यांनी कॉन्फरन्स जिंकली होती आणि मतांसाठी कुणाच्या पाया न पडता, निव्वळ गुणांवर लीगमध्ये आलेला तो पहिला क्लब ठरला. स्कारबरो हे तिसरं नाव. हेही ठेवा खिशात.

बाकीच्यांचं काय झालं?

बर्नलीची मॅच उशिरा सुरू झाली, हे वर सांगितलं. ते नुसतं गमतीपुरतं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या मॅचेस एकाच वेळी सुरू व्हायला हव्यात असा दंडक असतो, कारण दुसरीकडचा निकाल आधी कळला की खेळाडू त्याप्रमाणे खेळतात. दहा वर्षं आधी, १९७७ मध्ये, वरच्या डिव्हिजनमध्ये हे उघड्यावर घडलं होतं. कॉव्हेंट्री आणि ब्रिस्टल सिटी एकमेकांशी खेळत होते, तिसरं संकटात होतं संडरलंड. गर्दीमुळे कॉव्हेंट्रीची मॅच काही मिनिटं उशिरा सुरू झाली. २-२ अशी बरोबरी असताना मैदानावरच्या फलकावर झळकलं, संडरलंड हरलं. म्हणजे आता बरोबरी राहिली तर दोघंही वाचणार. मग काय, उरलेली मिनिटं दोन्ही संघांनी चेंडू आपापसात इकडून तिकडे ढकलत काढली. संडरलंड खाली गेलं. तिथल्या जुन्या लोकांपुढे कॉव्हेंट्रीचे तेव्हाचे कर्तेधर्ते जिमी हिल यांचं नाव काढून बघा.

मोबाइल नव्हते तेव्हा दुसरीकडचे निकाल कळायचे ते खिशातल्या रेडिओवर. आपल्याकडे कसोटी चालू असताना ऑफिसात एकाच्या कानाला ट्रान्झिस्टर आणि बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघत, अगदी तसं. फरक इतका की स्टेडियममध्ये एकाने मान हलवली की ती बातमी दहा रांगा पुढे जाईपर्यंत तिचा पार कायापालट झालेला असायचा. तिकडे झालेला गोल कुणाचा, हेच उलटून जायचं. त्या काळचे चाहते आठवणी सांगताना समोरच्या मॅचपेक्षा दुसऱ्या गावच्या मॅचबद्दलच जास्त बोलतात, ते उगाच नाही. डोळे इथे, कान तिथे. आणि तिथल्या कुणाचं तरी वाईट व्हावं ही मनोमन इच्छा.

दोन गोल कमी पडले की दोन गोल जास्त?

गुण समान झाले तर काय, हा प्रश्न क्रिकेटवाल्यांना नवा नाही. आपण नेट रनरेट काढतो. फुटबॉलमध्ये गोलफरक: केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. पण १९९२ ते १९९९ या काळात इंग्लंडच्या खालच्या तीन डिव्हिजनमध्ये नियम वेगळा होता. आधी बघायचे ते नुसते केलेले गोल. किती खाल्ले ते नंतर. संघांनी बचाव करत बसू नये, गोल करावेत, हा उद्देश.

या नियमाची किंमत हेरफर्डने मोजली.

३ मे १९९७. शेवटची मॅच, आणि या वेळी बुडण्याच्या काठावरचे दोघं एकमेकांसमोर. हेरफर्ड आणि ब्राइटन. दोघांचे गुण ४६. हरेल तो लीगबाहेर. बरोबरी झाली तर ब्राइटन वाचणार, कारण त्यांचे गोल जास्त.

ब्राइटनचं ते वर्ष म्हणजे घराला चहूकडून आग. मालकांनी गोल्डस्टोन हे क्लबचं मैदान विकून टाकलं होतं आणि पुढे खेळायचं कुठे याचा पत्ता नव्हता. चाहते चिडून मैदानात उतरले, त्याबद्दल लीगने दोन गुण कापले. मोसमाच्या मध्यावर तळाला एवढे मागे पडले होते की वाचायची भाषा कुणी करत नव्हतं. फेब्रुवारीत तर दुसऱ्या क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून ब्राइटनच्या मैदानावर पाठिंब्याला आले. आज त्यांच्यावर आलीय, उद्या आपल्यावर येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवा मॅनेजर स्टीव्ह ग्रिट याने घरच्या मॅचेस जिंकत जिंकत संघ ओढून आणला. २६ एप्रिलला गोल्डस्टोनवरची शेवटची मॅच १-० ने जिंकली. लोकांनी आठवण म्हणून हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले.

हेरफर्डमध्ये पहिला गोल यजमानांच्या खात्यात जमा झाला तो ब्राइटनच्याच केरी मेयोच्या पायाला लागून. स्वयंगोल. मध्यंतरानंतर बदली आलेल्या रॉबी रायनेल्टने बरोबरी साधली. शेवटी हेरफर्डला एक सोपी संधी मिळाली होती, ती गेली. १-१.

गुण दोघांचे ४७. ब्राइटनचे गोल ५३, हेरफर्डचे ५०. आता गोलफरक बघा: ब्राइटन उणे १७, हेरफर्ड उणे १५. म्हणजे जगभर चालणारा नियम लावला असता तर हेरफर्ड वाचलं असतं आणि ब्राइटन गेलं असतं. मैदान नसलेला, पैसे नसलेला क्लब लीगबाहेर फेकला गेला असता तर पुन्हा उभा राहिला असता का? दोन वर्षं त्यांनी 'घरच्या' मॅचेस सत्तर मैलांवरच्या जिलिंगहॅममध्ये खेळल्या, मग गावातल्या धावपटूंच्या मैदानात. २०११ ला स्वतःचं स्टेडियम, २०१७ ला प्रीमियर लीग, २०२३ ला युरोपातल्या स्पर्धेत. हेरफर्ड मध्ये एकदा लीगमध्ये परतलं, पण २०१४ मध्ये कर्जापायी कोर्टाने तो क्लब मोडीत काढला. नंतर लोकांनी नव्या नावाने नवा संघ उभा केला, त्याच मैदानावर. तो केलेल्या गोलांचा नियम १९९९ च्या मोसमानंतर रद्द झाला.

ब्राइटनच्या आजच्या तरुण चाहत्याला हेरफर्ड हे गाव कदाचित नकाशावर शोधावं लागेल. हेरफर्डच्या माणसाला ब्राइटन शोधावं लागत नाही.

दहा सेकंद

आता भाच्याची क्लिप.

८ मे १९९९, कार्लाइल. कंब्रियातल्या तिघांपैकी उरलेलं एकटं. १९२८ पासून लीगमध्ये. १९७४ मध्ये तर सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये तीन मॅचेसनंतर पहिल्या नंबरवर होतं. आता शेवटच्या दिवशी २४ व्या नंबरवर, ४६ गुण. त्यांच्या वर एका गुणाने, ४७ वर, स्कारबरो.

कार्लाइलची अडचण अशी की ऐन मोसमात त्यांच्याकडे गोलकीपरच उरला नाही. एकाला विकलं होतं, उसन्या आणलेल्या दुसऱ्याला त्याच्या क्लबने परत बोलावलं. खेळाडू घेण्याची मुदत तर संपलेली. खास परवानगी काढून स्विंडनकडून जिमी ग्लास नावाचा गोलकीपर उसना आणला. त्याने कार्लाइलसाठी एकूण तीन मॅचेस खेळल्या. ही तिसरी.

प्लिमथविरुद्ध १-१. नव्वद मिनिटं संपली. तिकडे स्कारबरोमध्येही १-१, आणि तिथली मॅच संपलीसुद्धा. म्हणजे स्कारबरो ४८, कार्लाइल ४७. कार्लाइलला आता एक गोल हवा आणि वेळ जोडलेल्या मिनिटांचा, तोही संपत आलेला. कॉर्नर मिळाला. ग्लासने बाकावरच्या मॅनेजरकडे, नायजल पियर्सनकडे बघितलं. जा पुढे, असा हात झाला. गोलकीपर आपलं दार उघडं टाकून शंभर यार्ड पळत समोरच्या गोलापाशी गेला. हरायचंच आहे तर एकाने काय आणि दोनाने काय.

ग्रॅहम अँथनीचा कॉर्नर. स्कॉट डोबीचं डोकं. प्लिमथच्या गोलकीपरने चेंडू परतवला, आणि तो आला नेमका ग्लासच्या उजव्या पायापुढे. गोलकीपर एरवी लाथ मारतात ती चेंडू दूर घालवायला. त्याने सरळ जाळ्यात मारला. पुन्हा खेळ सुरू करून शिटी वाजायला जेमतेम काही सेकंद उरली होती.

कार्लाइल ४९, स्कारबरो ४८.

भाच्याला इथे थांबवलं आणि विचारलं, या गोलने कार्लाइलला काय मिळालं? तो म्हणाला, "सगळं." आकडा पाच आहे. पाच वर्षं. २००४ मध्ये कार्लाइल शेवटी कॉन्फरन्समध्ये गेलंच, पुढच्याच वर्षी परत आलं, आणि २०२५ मध्ये पुन्हा गेलं. कुत्र्याने वाचवलेलं टॉर्की २००७ मध्ये गेलं. लिंकन १९८८ मध्ये लगेच परतलं, २०११ मध्ये पुन्हा घसरलं, २०१७ मध्ये पुन्हा वर. कायमचं वाचवणारा गोल कुणी मारत नाही. दर मे महिन्यात हप्ता भरावा लागतो. ग्लास स्वतः थोड्याच वर्षांत फुटबॉल सोडून टॅक्सी चालवायला लागला. तरी कार्लाइलमध्ये त्याला ओळखत नाही असा चाळिशीपुढचा माणूस मिळणं कठीण. तीन मॅचेस, एक गोल.

आपल्याकडे असे दिवस का नाहीत, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. काही काळ होते, पण त्यांच्या आठवणी व्हायच्या आत शिडीच काढून घेतली गेली. गोव्याचं डेंपो, पाच वेळा देशाचं विजेतं. २०१५ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुख्य लीगमध्ये, ते अकरांत दहावं आलं. अकरावी होती पुण्याची भारत एफसी, पण थेट प्रवेश विकत घेतलेला असल्यामुळे तिला खाली जाण्यापासून सूट होती. म्हणून शेवटून दुसरं डेंपो गेलं. तिकडे तेव्हा तेविसावा वाचायचा, इथे दहावा बुडाला. डेंपो पुढच्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून परत आलं, आणि मग साळगावकर आणि स्पोर्टिंगसोबत, सुपर लीगला वर बसवणाऱ्या नव्या रचनेचा निषेध म्हणून, लीगमधूनच बाहेर पडलं. सूट मिळालेली भारत एफसीही बंद पडली. २०१७ मध्ये तळाला राहिलेली, कूपरेजवर खेळणारी मुंबई एफसी तर पुन्हा उभीच राहिली नाही. खाली जाऊन परत वर यायचं तर खाली उभं राहायला जागा लागते.

"आणि ते स्कारबरो?" भाच्याने विचारलं.

१९८७ मध्ये लिंकनच्या खुर्चीवर बसलेलं स्कारबरो बरोबर बारा वर्षांनी ग्लासच्या गोलने उठलं. कॉन्फरन्समधून परत येणं त्यांना जमलं नाही. २००७ मध्ये कर्जात तो क्लब बुडाला, चाहत्यांनी नवा काढला, आणि गावात मैदान नाही म्हणून तो पुढची दहा वर्षं शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये खेळला.

"त्यांची क्लिप असेल का?"

होती. आम्ही तीही लावली. त्यांची मॅच संपलीय, लोक मैदानावर उतरलेत, मिठ्या मारतायत, नाचतायत. वाचलो म्हणून. कुणाकुणाच्या कानाला रेडिओ आहे. मग त्या गर्दीत एका ठिकाणी हात खाली येतात. त्याच्या शेजारचा त्याच्याकडे बघतो. मग त्याच्या शेजारचा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अजून गाणं चालूच आहे.